आधी खोली ऐका, मग माइक घ्या

सप्ताहाचे दिवस जवळ आले की मला आमच्या बेळगाव भागातून एकाच धाटणीचे फोन येतात. कधी खानापूरकडचं भजनी मंडळ, कधी शहापुरातली गाणं शिकणारी मुलगी, कधी निपाणीकडचे एखादे कीर्तनकार. "दहा-पंधरा हजार जमलेत. कोणता माइक घेऊ?" मी उलट विचारतो, "गाणार कुठं बसून?" बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. माझ्या मते निम्मं उत्तर त्यातच आहे.

मी स्वतः हा प्रश्न विचारला नव्हता. पहिला माइक ऑनलाइन मागवला. मोठ्या चकतीचा कंडेन्सर, सोबत स्टँड, केबल, तोंडापुढची जाळी, सगळं मिळून दोन हजारांत. टिळकवाडीतल्या आमच्या स्लॅबच्या घरात, पुढच्या खोलीत आत्याला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. रात्री ऐकायला बसलो तर आधी पंखा, मग शेजारचा कुकर, मग गल्लीतली रिक्षा, आणि या सगळ्याच्या मागं आत्या, रिकाम्या हौदात बसून गायल्यासारखी. पुढं दोन वर्षांत तिचा दम पुरेनासा झाला आणि गाणं सुटलं. त्या ओव्या माझ्याकडं आहेत, पंख्यासकट. म्हणून हे सगळं लिहितोय. आपल्या गावागावांत अजून चाली आहेत, त्या तरी नीट उतरून घ्या.

दोन आवाज येतात

माणूस गातो तेव्हा माइकपर्यंत एकच आवाज पोचतो असं आपल्याला वाटतं. खरं तर दोन पोचतात. एक तोंडातून सरळ आलेला. दुसरा भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटून, फिरून आलेला. सरळ येणारा आवाज अंतरानं झपाट्यानं कमी होतो. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) उतरतो. खोलीत घुमणारा मात्र जवळजवळ सगळीकडं सारखाच भरलेला असतो. म्हणजे गाणारा माइकपासून दोन फुटांवर असेल आणि तुम्ही त्याला अर्ध्या फुटावर आणलंत, तर गळा बारा डेसिबलनं वर येतो आणि खोली आहे तिथंच राहते. एवढा फरक तुम्हाला दुकानातून विकत आणता येत नाही. दोन हजारांचा माइक जवळ धरला तर तो लांब ठेवलेल्या पन्नास हजारांच्या माइकपेक्षा स्वच्छ गळा देतो, हे मी कितीतरी वेळा ऐकलंय.

खोली ओळखायची रीत सोपी आहे. मधोमध उभं राहा आणि एक जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागं धातूची झणझण ऐकू आली तर समजायचं, समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटतोय. नव्या स्लॅबच्या, टाइल्स बसवलेल्या खोल्यांत हे हमखास होतं. जुन्या कौलारू घराचा सोपा याबाबतीत फार चांगला. छत उतरतं असतं, त्यामुळं फरशीला समांतर पृष्ठभाग वर नसतो. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, कोनाडे, खुंटीवरचे कपडे हे सगळे आवाज मोडतात. येळ्ळूरला एका घरात मी भाताची पोती रचलेल्या खोलीत एका मुलाचा गळा घेतला होता. तिन्ही बाजूंनी छातीएवढी पोती, खाली जमखाना. पैसे देऊन मिळवलेल्या काही स्टुडिओंतसुद्धा मला इतकी शांत जागा मिळाली नाही.

पोती नसतील तर वाकळा आहेत. जाड, चार-पाच पदरी वाकळ गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. पाठीमागं का, तर बहुतेक माइक तोंड समोर करून ऐकतो, आणि त्याच्या समोर गाणाऱ्याच्या मागची भिंत असते. सगळ्यात जास्त घुमारा तिथूनच त्याच्यात शिरतो. लोक वाकळ माइकच्या मागं टांगतात, ती जागा दुसऱ्या क्रमांकाची. अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीला चिकटवण्याचा खटाटोप मात्र करू नका. ते इतके हलके असतात की आवाजाला त्यांची फारशी दखल घ्यावी लागत नाही.

डायनॅमिक आणि कंडेन्सर

आता माइककडं येऊ. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकात हलतं. हललं की वीज तयार होते, बाहेरून काही द्यावं लागत नाही. वेटोळ्याच्या वजनानं पडदा जरा जड होतो, म्हणून टाळाच्या टोकदार किणकिणीसारखे अगदी वरचे सूर त्याला कमी गवसतात. पण तो दणकट असतो. मंडपात पडला, पावसाच्या तुषारांत राहिला तरी दुसऱ्या दिवशी चालतो. श्युअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि आपल्याकडच्या प्रत्येक साउंडवाल्याच्या पेटीत त्याची एक तरी प्रत असते, खरी किंवा नकली. नकलांचा सुळसुळाट इतका आहे की हा माइक निम्म्या भावात मिळतोय असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. बिल आणि वॉरंटी घेऊनच घ्या.

कंडेन्सरमध्ये वेटोळं नसतं. केसापेक्षा कितीतरी पातळ, धातूचा मुलामा दिलेला पडदा असतो आणि त्याच्यामागं अगदी जवळ एक धातूची पट्टी. दोघांत विद्युतभार ठेवलेला असतो. पडदा थरथरला की अंतर बदलतं, आणि तेच आवाजाच्या रूपात बाहेर येतं. अमेरिकेत वेंट नावाच्या अभियंत्यानं १९१६ मध्ये हा पहिल्यांदा बनवला. तो चालायला वीज लागते. ती ४८ व्होल्टची वीज इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी) किंवा मिक्सर त्याच केबलमधून उलट पाठवतो, तिलाच फँटम पॉवर म्हणतात. बटण दाबायचं विसरलं की माइक मुका, आणि निम्म्या वेळा "माइक बिघडला" म्हणून येणारी तक्रार एवढीच असते. पडदा हलका असल्यानं गळ्यातली बारीक हरकत, श्वास, शब्दाची कड तो नेमकी टिपतो.

डायनॅमिक खोली कमी पकडतो आणि कंडेन्सर जास्त, असं सर्रास सांगितलं जातं. यात अर्धंच खरं आहे. दोन्ही माइक एकाच दिशेचे असतील आणि एकाच अंतरावर ठेवले तर खोलीचा वाटा जवळजवळ सारखाच येतो. फरक असा की डायनॅमिकला आपण चार बोटांवर धरतो आणि कंडेन्सर हातभर लांब उभा करतो. म्हणजे पुन्हा अंतरच. तरीही घर रस्त्यावर असेल, खोली झणझणत असेल, तर मी डायनॅमिकच घ्यायला सांगतो. तो ओठाजवळ घेऊन गाता येतो. कंडेन्सर इतक्या जवळ घेतला तर प्रत्येक फुंकर ऐकू येते.

फुंकरीवरून सांगायला हवं. आपल्या अभंगांत पंढरी, पांडुरंग, पुंडलिक, भक्ती, भाव हे शब्द पावलोपावली येतात, आणि प, फ, ब, भ ही सगळी अक्षरं ओठ मिटून सोडायची. त्यांच्यासोबत हवेचा झोत निघतो आणि पडद्यावर आदळून 'फट्' होतं. तोंडापुढं तळहात धरून "पुंडलिक वरदे" म्हणून बघा, झोत कळेल. उपाय दोन. माइक आणि ओठ यांच्यामध्ये कापडी पॉप फिल्टर लावा. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला तरी काम होतं. दुसरा उपाय फुकटचा: माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता नाकाच्या उंचीवर, जरा बाजूला ठेवून तोंडाकडं वळवा. आवाज सगळीकडं पसरतो, झोत मात्र सरळच जातो.

जवळ जाण्याचा आणखी एक परिणाम आहे. एका दिशेनं ऐकणारा माइक फार जवळ आला की गळ्यातला खर्ज फुगतो. बारीक आवाजाच्या मुलीला तो भरदार करतो, तर भारदस्त बुवांचे शब्द त्यात बुडतात. बुवांसाठी एक वीत अंतर ठेवा.

दिशेबद्दल थोडक्यात. कार्डिऑइड म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा कान. समोरचं पूर्ण, बाजूचं सुमारे निम्मं, आणि बरोबर मागचं जवळपास नाही. म्हणून ज्याचा त्रास होतो त्याच्याकडं माइकची पाठ करा: खिडकी, पंखा, मंडपातला कर्णा. सगळीकडून सारखं ऐकणारा ओम्नी माइक खोलीचा वाटा जास्त घेतो. तेवढ्याच घुमाऱ्यात कार्डिऑइड त्याच्या १.७ पट लांब ठेवता येतो.

माहितीपत्रकावर एकच आकडा मी आवर्जून बघतो. माइकचा स्वतःचा खरखराट, म्हणजे सेल्फ नॉइज. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० चा तो २० डेसिबल आहे, रोड कंपनीच्या एनटी १-ए चा ५. खड्या आवाजात गाणाऱ्याला एटी २०२० पुरतो. हळू आवाजातल्या ओव्या, अंगाई, आजीच्या गोष्टी घ्यायच्या असतील तर हा फरक स्पष्ट जाणवतो. मात्र त्यासाठी तुमची खोली तेवढी शांत हवी. चौकातल्या घरात तो पाचचा आकडा वाया जातो.

दोन माइक कशासाठी

एकट्या गळ्याला एक माइक पुरतो, त्याला स्टिरिओ लागत नाही. हे मी ठासून सांगतो, कारण जोडी घेतली की काम दुप्पट चांगलं होईल असं लोकांना वाटतं. जोडी लागते ती समूहाला. पखवाज एका अंगाला, पेटी दुसऱ्या, टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मधे वीणेकरी. हे सगळं कुठं उभं होतं ते ऐकणाऱ्याला डोळे मिटून कळावं, यासाठी.

आपले दोन कान दोन गोष्टींवरून दिशा ओळखतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला थोडा मोठा येतो आणि थोडा आधी येतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात एक हात सुद्धा नाही, ३४ सेंटिमीटर. दोन कानांतला फरक त्याहूनही कमी असतो, तरी मेंदूला तो पुरतो. दोन माइक मांडायच्या साऱ्या पद्धती या दोन खुणांशीच खेळतात. १९३१ मध्ये इंग्लंडच्या ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्यानं पेटंटचा अर्ज केला आणि त्या एकाच कागदात आजच्या स्टिरिओचा पाया घातला.

सगळ्यात निर्धोक पद्धत एक्स-वाय. दोन सारखे कार्डिऑइड माइक, टोकं एकावर एक, तोंडं काटकोनात फाकलेली. दोघांना आवाज एकाच क्षणी पोचतो, फरक फक्त लहान-मोठ्याचा. त्यामुळं दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या तरी काही बिघडत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण तुमचं भजन गावातले बहुतेक लोक मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकणार, आणि तिथं डावं-उजवं पुष्कळदा एकच होऊन जातं.

दुसरी ओआरटीएफ, फ्रेंच नभोवाणीनं रूढ केलेली. टोकांमध्ये १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश. अंतर जवळजवळ आपल्या दोन कानांएवढं. लहान-मोठ्यासोबत आधी-नंतरही मिळतं, म्हणून देऊळ मोठं आणि खरं वाटतं. बरी खोली असेल तर मला हीच आवडते. तिसरी, दोन माइक दोन-तीन हात लांब ठेवायची. तिचा पसारा सुंदर असतो, पण मोबाइलवर एकत्र झालं की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि पेटी पोकळ वाटते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

देवळातली एक रात्र

खानापूर तालुक्यातल्या एका देवळात हे सगळं मला एका रात्रीत शिकायला मिळालं. सभामंडपावर पत्रा, खाली शहाबादी फरशी, पावसाळा नुकताच सरलेला. मी जोडी मंडपाच्या दारात, गाणाऱ्यांपासून आठ-दहा हातांवर, उंच स्टँडवर लावली. सगळे त्यात येतील असा हिशोब. पहिला अभंग झाला, बुवांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आवाज लांबनं येऊलाय. आन् टाळच टाळ."

बरोबर होतं त्यांचं. टाळ पितळेचा, आवाज टोकदार, पत्र्यावर आपटून आणखी पसरतो. आठ-दहा हातांवर गळा आणि पखवाज त्या पसाऱ्यात विरून गेले होते. मी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, वाढवला तर सगळंच वाढलं. मग जोडी उचलून बुवांच्या समोर दोन हातांवर आणली, त्यांच्या डोक्यापेक्षा थोडी वर, तोंडं खाली पेटीकडं झुकवून. पखवाजवाल्या मामांना डाव्या अंगाला तेवढ्याच अंतरावर बसवलं. टाळकऱ्यांच्या रांगा अर्ध्या वर्तुळासारख्या मागं उघडल्या आणि दोन पावलं सरकवल्या. आता पुढं गळा, शेजारी पखवाज, मागं टाळ, असं आपोआप झालं. शेवटी जोडी वीतभर पखवाजाकडं नेली, कारण धुम्याचा घुमार एका बाजूला झुकत होता. कणीक लावलेल्या त्या डाव्या पुडीचा आवाज मधे आला, आणि बुवा काही न बोलता पुढचा अभंग घ्यायला वळले.

मिक्सरच्या बटणांना मी त्या रात्री पुन्हा हात लावला नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला मागं बसवायचं, ज्याचा लहान त्याला पुढं घ्यायचं. एकाच माइकभोवती सगळे उभे राहून गात, त्या काळातले ध्वनिमुद्रणवाले हेच करायचे.

गेन लावतानाची एक गोष्ट फक्त भजनातच लागू होते. पहिल्या अभंगावर पातळी लावू नका. भजन चढत जातं आणि शेवटच्या गजराला सगळं देऊळ उसळतं. आधीच दोन मिनिटं गजर करायला सांगा, त्यावर काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास थांबेल असं बघा. मुद्रण २४ बिटमध्ये, म्हणजे जास्त बारकाईच्या सेटिंगवर, करत असाल तर पहिला अभंग हळू आला म्हणून काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. फाटलेला गजर मात्र कुणालाच शिवता येत नाही.

पैसे कुठं घालायचे

एकट्यानं गाणार आणि कार्यक्रमातही तोच माइक वापरणार, तर एक चांगला डायनॅमिक आणि दोन तोंडांचा छोटा इंटरफेस. पॉडकास्टवाल्यांच्या तोंडापुढं दिसणारा एसएम ७ बी बघून भुलू नका. त्याला साधारण साठ डेसिबल गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथं दमतात. शांत खोली असेल तर एटी २०२० सारखा कंडेन्सर.

मंडळ घ्यायचं असेल आणि पैसे एकदाच जमणार असतील तर मी छोटा हातातला रेकॉर्डर सुचवतो, झूम एच १ एन सारखा. त्याच्या टोकालाच एक्स-वाय जोडी काटकोनात बसवलेली असते, त्यामुळं मांडणी चुकत नाही. बॅटरीवर चालतो, म्हणजे ऐन भजनात वीज गेली तरी मुद्रण थांबत नाही आणि चार्जरमधून येणारी घुरघुर मुळात येतच नाही. लॅपटॉपवर घेणाऱ्यांनीही तो तेवढा वेळ बॅटरीवर चालवून बघावा, निम्म्या वेळा घुरघुर तिथंच मरते. रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या स्टँडवर चढवा. मांडीवर किंवा फरशीवर ठेवला तर पायांची धडधड त्यात उतरते.

पुढं कधी वेगळी जोडी घ्याल तेव्हा एकाच मॉडेलचे दोन छोट्या चकतीचे कंडेन्सर घ्या, शक्यतो कंपनीनं जुळवून दिलेले. घरात आहे त्या माइकला दुसरा वेगळा जोडला तर चित्र एका बाजूला कलतं. दोन यूएसबी माइक जोडी म्हणून वापरायचा विचारही नको. प्रत्येकाचं आतलं घड्याळ वेगळं चालतं आणि लांबलचक भजनात ते एकमेकांपासून सरकत जातात.

केबलवर थोडे पैसे राखून ठेवा. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या. कंडेन्सरच्या पडद्याला ओल लागली की तडतड सुरू होते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्या दर पावसाळ्याच्या तोंडावर बदला. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली मुद्रण ठेवूच नका. त्यापेक्षा कार्तिकातला पहाटेचा काकडा गाठा. रस्ता झोपलेला असतो, पंखे बंद असतात, आणि गळेही पहाटे जरा खालच्या पट्टीत लागतात.

घरी आल्यावर फाइल आधी हेडफोनवर ऐका, मग मोबाइल ताटाजवळ ठेवून, स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात. शब्द तिथंही कळले तर काम झालं.

आणि एक. पुष्कळ चाली अशा आहेत की त्या एकाच वाडीत, एकाच बुवांच्या गळ्यात उरल्यात. काही मंडळं अभंगांच्या जोडीला कन्नड दासांची (तिकडच्या संतकवींची) पदंही गातात, तीही घ्या. मुद्रण सुरू केल्यावर बुवांना त्यांच्याच तोंडून गाव, तारीख आणि चाल कुणाकडून आली ते सांगायला लावा. पखवाजाला कणीक लावून होईपर्यंत तेवढा वेळ असतोच.